शेवटचा ग्राहक

शिक्केवाल्यांच्या दुकानाची पाटी उलटी आहे. टांगताना कुणाची चूक झाली असं नाही, अक्षरंच उलटी आहेत. आरशात बघितली तर सुलट वाचता येते. पाटी त्यांनी स्वतःच रंगवली, आणि आयुष्यभर रबरावर उलटी अक्षरं कोरणाऱ्या माणसाच्या हातून जे व्हायचं तेच झालं. रंग वाळल्यावर बायकोने ते दाखवून दिलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ज्याला शिक्का हवाय त्याला कळतं." गेली सव्वीस वर्षं लोक रस्त्यात थांबतात, मान वाकडी करून पाटी वाचतात आणि मान तशीच ठेवून आत येतात.

माणूस नाकासमोर चालणारा. वडील ब्लेडने रबर कापून शिक्के करायचे. ह्यांनी तरुणपणी हौसेने लेसरचं यंत्र आणलं. यंत्र रबर कोरतं, काय कोरायचं ते यंत्राला कॉम्प्युटर सांगतो, कॉम्प्युटरला शिक्केवाले सांगतात आणि शिक्केवाल्यांना बायको सांगते. अशी ही साखळी कुठेही न तुटता पुष्कळ वर्षं चालली.

साखळीतली सगळ्यात म्हातारी कडी म्हणजे कॉम्प्युटर. तो सकाळी चालू केला की चाळीस मिनिटांनी जागा व्हायचा. त्याच्या पोटातला पंखा कधीच बंद पडला होता, म्हणून शेजारच्या स्टुलावर टेबलफॅन ठेवून त्याला वारा घालावा लागे. एका कुशीवर कलंडवून खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली तरच पडदा उजळायचा. एकदा एका वकिलाला 'तातडीचे' असा शिक्का हवा होता. तो दहा वाजता आला आणि दुपारी तीनला शिक्का घेऊन गेला. जाताना म्हणाला, "एवढी तातडी मी कोर्टातही बघितली नव्हती."

पण हा कॉम्प्युटर बदलायची शिक्केवाल्यांना सोय नव्हती. का नव्हती, तीच ही हकीकत आहे.

शिक्के कोरण्याचं सॉफ्टवेअर एका मोठ्या कंपनीचं. तिचं मुख्य कार्यालय दूरच्या शहरात, काचेच्या अकरा मजली इमारतीत. या कंपनीने सॉफ्टवेअरची नववी आवृत्ती काढली आणि जाहीर केलं की यापुढे जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आमचं काहीही चालणार नाही. ज्यांची यंत्रं जुनी त्यांनी नवी घ्यावीत, नाहीतर रामराम. आता असं सगळेच करतात, त्यात नवल नाही. पण या कंपनीच्या मूळ मालकाने पहिल्याच करारात एक भाबडं कलम घातलं होतं, की ग्राहक स्वतःच्या तोंडाने 'नको' म्हणेपर्यंत त्याला वाऱ्यावर सोडणार नाही. मालक वारले, कलम मात्र जिवंत राहिलं. मग कंपनीने एक 'जुन्या प्रणाली विभाग' काढला. पाच माणसं आणि एकशे चाळीस ग्राहक. शेवटचा ग्राहक बाहेर पडला की विभागाला कुलूप लावायचं, असं ठरलं.

आणि त्या पाच माणसांतली एक होती शिक्केवाल्यांची लेक.

ती घरूनच काम करायची. घर असं: पुढची खोली म्हणजे दुकान, मागे बोळ, बोळाच्या कडेला स्वयंपाकघर, आणि दुकानाला चिकटून लेकीची खोली. दोन्हीच्या मध्ये अर्ध्या विटेची भिंत. या बाजूला शिंकलं तर त्या बाजूचा माणूस 'बरं वाटत नाही का?' विचारेल इतकी पातळ. कंपनीचा नियम मात्र भिंतीपेक्षा जाड होता. ग्राहक नातेवाईक असेल तर त्याला संपूर्ण परका समजावं, त्याची अडचण फक्त हेल्पलाइनवरून ऐकावी, आणि कामाच्या वेळेत इतर मार्गाने एक शब्द बोलू नये. लेकीने त्याखाली सही केली होती. सही केली म्हणजे केली. याबाबतीत ती बापावर गेली होती.

पहिल्याच आठवड्यात पडदा निळा पडला तेव्हा शिक्केवाले सवयीने ओरडले, "अगं, हे बघ काय झालंय!"

भिंतीपलीकडून आवाज आला, "बाबा, मी ऑफिसात आहे."

मग त्यांनी दुकानातला फोन उचलून हेल्पलाइन लावली. तो फोन आधी दूरच्या शहरात अकरा मजली इमारतीत गेला, तिथे त्याने सतार ऐकवली, तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे असं दोनदा सांगितलं, आणि मग तिथून निघून भिंतीपलीकडे येऊन वाजला. शिक्केवाल्यांना घंटाही ऐकू आली आणि लेकीने खुर्ची ओढल्याचा आवाजही.

"नमस्कार. जुन्या प्रणाली विभागात आपलं स्वागत आहे. आपला ग्राहक क्रमांक सांगता का, सर?"

हे वाक्य त्यांना आधी भिंतीतून ऐकू आलं आणि क्षणभराने फोनमधून. 'सर' दोनदा ऐकून ते एवढे संकोचले की उठून उभे राहिले.

एक ते दोन जेवणाची सुट्टी. तेव्हा हेल्पलाइन बंद, आणि तेवढ्या एका तासात लेक लेक व्हायची आणि बाप बाप. पण बिघडलेल्या यंत्राचं काही बोलायचं नाही. यंत्र सव्वा वाजता अडलं, तर शिक्केवाले घड्याळाकडे बघत जेवायचे, ती "बाबा, भात घे ना अजून" म्हणायची, आणि दोन वाजून एक मिनिटाने ते तिला फोन करून स्वतःची ओळख करून द्यायचे.

हळूहळू ग्राहक गळत गेले. कुणी नवं यंत्र घेतलं, कुणी धंदा सोडला. ग्राहक कमी तशी माणसं कमी. शेवटी विभागात लेक एकटी उरली आणि त्याबरोबर विभागाची प्रमुखही झाली. दर सोमवारी बैठक घ्यायचा नियम होता. ती नऊ वाजता स्वतःची बैठक घ्यायची आणि 'सर्व उपस्थित' असं लिहून वर पाठवायची. एकदा तिने रजेचा अर्ज केला, आणि कामाचा ताण बघून स्वतःच तो नामंजूर केला.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "आज माझ्याकडे उरलेला तो दुसरा ग्राहक गेला, लांबच्या गावचा."

"अरेरे. कसा?"

"तसा नाही गेला. त्याच्या दुकानावर झाड पडलं, कॉम्प्युटरचा चुरा झाला. नवा घेतो म्हणाला." तिने पाण्याचा घोट घेतला. "आता तूच एकटा राहिलास, बाबा. तू नव्यावर गेलास की विभाग बंद."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे कुलूप."

"आणि तू?"

"बघू," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

शिक्केवाल्यांनी उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला. कारण त्याच दिवशी सकाळी ते बाजारात जाऊन नवाकोरा कॉम्प्युटर घेऊन आले होते. डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते, मोठ्या अक्षरांचा स्वच्छ पडदा त्यांच्या मनात भरला होता, आणि संध्याकाळी सहाला लेकीचं ऑफिस सुटलं की तिला तो दाखवून चकित करायचं असा त्यांचा बेत होता. आता ते खोकं दुकानाच्या कोपऱ्यात चादरीखाली बसलं होतं. 'बघू' या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गळक्या छपराबद्दल ते स्वतः पाच वर्षं 'बघू' म्हणत होते.

त्यांनी बायकोला बोळात गाठलं. "हे खोकं तुझ्या कपाटात ठेव. पोरीला सांगशील तर माझी शपथ आहे. मी नवं घेतलं तर तिची नोकरी जाते. माझं हे जुनं आहे तोवर तिचं पोट आहे."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं असं वाटलं, पण ती मूग गिळून गप्प बसली. खोकं उचलून कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं, किल्ली कमरेला लावली.

त्या दिवसापासून शिक्केवाल्यांचं आयुष्य एका कामाला लागलं: जुना कॉम्प्युटर जिवंत ठेवणं. पण नुसता जिवंत ठेवून भागत नव्हतं. महिन्याला निदान वीस तक्रारी आल्या नाहीत तर विभागाला काम नाही असं कंपनी समजणार होती, हे त्यांनी भिंतीतून ऐकलं होतं. म्हणजे एका ग्राहकाने वीस. आता कॉम्प्युटर म्हातारा असला तरी प्रामाणिक होता, महिन्याला सहा-सातपेक्षा जास्त वेळा अडायचा नाही. उरलेला बिघाड शिक्केवाल्यांना स्वतः करावा लागे.

ते वायर काढायचे आणि फोन लावायचे.

"मॅडम, चालूच होत नाहीये."

"सर, वायर लावलेली आहे का?"

"कुठली वायर?"

"मागची, सर. काळी."

"थांबा हं, बघतो." मग ते दोन मिनिटं नुसते बसून राहायचे, कारण फार लवकर सापडली तर तक्रार छोटी पडायची. "हां. ही निघालीय वाटतं."

"लावा, सर. आणि आता चाळीस मिनिटं थांबा."

ज्या माणसाने हे यंत्र स्वतः उघडून तीनदा दुरुस्त केलं होतं, त्याला पोटच्या पोरीकडून काळी वायर कोणती हे शिकायचं म्हणजे काय जिवावर येत असेल! पण लेकीच्या नोकरीपुढे मान मोठा नव्हता. एकदा माउस उलटा धरून त्यांनी तासभर तक्रार चालवली.

वर दर महिन्याच्या एक तारखेला तिचा नियमाचा फोन यायचा. "सर, आपण नवीन आवृत्तीवर जाऊ इच्छिता का?"

"नाही."

"कारण?"

कारण तेच तेच चालत नसे. एकदा दिलेलं कारण कंपनीची यंत्रणा दुसऱ्यांदा घेतच नसे. पहिल्या महिन्यात त्यांनी 'सवय' सांगितलं, दुसऱ्या महिन्यात 'डोळे', तिसऱ्यात 'गुडघे'. एका वर्षात खरी कारणं संपली. मग 'मुहूर्त नाही', 'रंग आवडत नाही', 'जुन्याखाली मांजर बसतं' अशी सुरू झाली. घरात मांजर नव्हतं. लेक एक अक्षर न बदलता टाइप करायची. एकतिसाव्या महिन्यात त्यांना काहीच सुचेना. ते म्हणाले, "लिहा, ग्राहक विचार करतोय." तेवढ्यावर एक महिना निघाला.

हे सगळं त्यांना गोड वाटत होतं, कारण आपण मुलीसाठी करतोय ही भावना माणसाला फार उंच नेऊन ठेवते. पण एके दिवशी भिंतीतून त्यांना लेकीचा दबका आवाज ऐकू आला. ती आईशी बोलत होती.

"आई, बाबाला आता साधी वायरसुद्धा कळेनाशी झालीये. माउस उलटा धरतो. परवा मला मांजर आहे म्हणाला. डॉक्टरांना दाखवू या का?"

आईचं उत्तर ऐकू आलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बिचारी काय बोलणार.

रविवारी दोघी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. शिक्केवाल्यांना खरं सांगता येईना, आणि नाही म्हणावं तर संशय आणखी वाढायचा. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली, ती बरोबर आली. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तेही भराभर झालं. मग डॉक्टरांनी कागद दिला. "एक घड्याळ काढा. दहा वाजून दहा मिनिटं झालीत असं दाखवा."

हे तर हातचंच काम. शिक्केवाल्यांनी पेन घेऊन एकटाकी, सुबक, गोल घड्याळ काढलं, अक्षरांना छान वळण दिलं आणि समाधानाने कागद पुढे सरकवला. बारा वर होते, सहा खाली होते. एक ते पाच डावीकडे आणि सात ते अकरा उजवीकडे होते. आणि प्रत्येक आकडा उलटा होता.

डॉक्टर त्या घड्याळाकडे बराच वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात लेकीला म्हणाले, "यांना एकटं सोडू नका."

परतताना लेक रिक्षात त्यांचा हात धरून बसली. शिक्केवाल्यांना वाटलं, आता सांगून टाकावं. पण सांगितलं तर विभाग बंद. म्हणून त्यांनी तो हात तसाच धरू दिला, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही.

असे दिवस चालले होते. मग एका महिन्याच्या सव्वीस तारखेला काय झालं, दोघं जेवायला बसले असताना आई ताटं वाढून उठली. "मी आलेच दुकानातून. तुमचं चालू द्या," म्हणाली. तिचं दुकानात काय काम, असा प्रश्न दोघांनाही पडला नाही. दुकानातून काहीतरी पुटपुटणं ऐकू येत होतं. दहा मिनिटांनी ती परत आली आणि स्वतःचं ताट घेऊन बसली. नेहमीपेक्षा जास्त जेवली.

दोन वाजून पाच मिनिटांनी दुकानातला फोन वाजला.

"नमस्कार, सर. जेवणाच्या सुट्टीत आपल्या क्रमांकावरून एक तक्रार ध्वनिमुद्रित झाली आहे."

"माझ्या? मी तर तुमच्याबरोबर..." ते चटकन थांबले. "मी तर जेवत होतो."

"नियमाप्रमाणे तक्रार ग्राहक फोनवर असतानाच उघडायची असते, आणि यंत्रणेने उतरवलेला मजकूर शब्दशः वाचून दाखवायचा असतो. काही गाळता येत नाही. वाचू का?"

"वाचा."

लेकीने वाचायला सुरुवात केली. तिचा तो सरळ, इस्त्री केलेला, ऑफिसचा आवाज होता.

"'मी शिक्केवाल्यांची बायको बोलते आहे. माझी तक्रार यंत्राबद्दल नाही. आमच्या घरात एक कपाट आहे, त्याची किल्ली माझ्याकडे असते. त्याच्या खालच्या खणात नवा कॉम्प्युटर आहे, तीन वर्षं झाली, खोकं फोडलेलं नाही. हे तो घेऊन आले आणि मला शपथ घातली की मुलीला सांगू नकोस. हे नव्यावर गेले तर तिची नोकरी जाईल असं यांचं म्हणणं.'"

भिंतीपलीकडे आवाज थांबला. शिक्केवाल्यांनी डोळे मिटून घेतले. पण नियम तो नियम. आवाज पुन्हा सुरू झाला. इस्त्री थोडी मोडली होती.

"'वरच्या खणात तीन पत्रं आहेत. मुख्य कार्यालयात मोठ्या जागेवर या, असं मुलीला दर वर्षी एक पत्र येतं. पहिलं आलं तेव्हाच तिने ते मला दिलं आणि शपथ घातली की बाबाला सांगू नकोस. ती... ती गेली तर ती जुनी सिस्टीम समजणारं कंपनीत कुणी उरणार नाही आणि बाबाच्या यंत्राला वाली राहणार नाही, आणि बाबाला आता काही सुधरत नाही, असं तिचं म्हणणं. मी दोघांनाही दिलेला शब्द मोडलेला नाही. मी फक्त कंपनीला सांगते आहे. तिसऱ्या पत्राची मुदत तीस तारखेला संपते, आणि पुन्हा पत्र येणार नाही असं त्यात लिहिलं आहे. खालच्या खणात झुरळं झाली आहेत. लवकर काहीतरी करा.' तक्रार समाप्त."

दुकानात टेबलफॅन घरघरत होता.

"सर," लेक म्हणाली, "तक्रार बरोबर नोंदवली गेली आहे का?"

"खालच्या खणाबद्दल बरोबर आहे," शिक्केवाले म्हणाले. "वरच्या खणाबद्दल तुम्ही सांगा, मॅडम."

"बरोबर आहे."

"तीन पत्रं?"

"हो."

"आणि पहिलं, झाड पडलं त्या वर्षीचं?"

"झाड पडायच्या आदल्या आठवड्यात आलं होतं."

शिक्केवाल्यांना एकदम खाली बसल्यासारखं झालं, जरी ते आधीच बसलेले होते. तीन वर्षं आपण लेकीच्या नोकरीला टेकू दिला असं ते समजत होते, आणि तो टेकू तिच्याच दारावर आडवा लावलेला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेत तिचा भयंकर अभिमानही वाटला.

"वर्गवारी करावी लागेल," लेक म्हणाली. तिचं नाक चोंदलं होतं. "यंत्रातला बिघाड की वापरणाऱ्याची चूक?"

"वापरणाऱ्यांची. अनेकवचनी लिहा."

"वायर, सर... वायर आपणच काढत होतात?"

"महिन्यातून तेरा-चौदा वेळा."

"आणि मांजर?"

"मांजर नाही, बाळ. कधीच नव्हतं."

"आणि डॉक्टरांकडचं घड्याळ?"

"ते मात्र खरंच तसं आलं हातातून," शिक्केवाले म्हणाले. "धंद्याची सवय."

भिंतीपलीकडे ती हसली की रडली हे कळलं नाही. भिंतीतून एक आवाज आला आणि फोनमधून दुसरा. मग तिने घसा साफ केला.

"सर, आज एक तारीख नाही. पण विचारते. आपण नवीन आवृत्तीवर जाऊ इच्छिता का?"

पस्तीस महिने या प्रश्नाला 'नाही' म्हणताना त्यांना कधी जड गेलं नव्हतं. आता 'हो' म्हणायचं होतं आणि ते ओठांवर येईना. 'हो' म्हटलं की भिंतीपलीकडची खुर्ची रिकामी होणार, हे त्यांना अगदी स्पष्ट दिसलं. तीन वर्षं जे केलं ते सगळंच काही तिच्यासाठी नव्हतं, हेही दिसलं. ते दिसायला नको होतं, पण दिसलं.

"हो," ते म्हणाले. आणि सवयीने कारण शोधू लागले.

"'हो'ला कारण लागत नाही, सर," लेक म्हणाली.

विभागप्रमुख म्हणून तिने स्वतःची बदली मंजूर केली, शेवटची बैठक घेतली आणि 'सर्व उपस्थित' असं लिहून विभागाला कुलूप लावलं. एकोणतीस तारखेला दोन बॅगा घेऊन ती गेली. बसच्या खिडकीतून म्हणाली, "बाबा, काही अडलं तर हेल्पलाइनला फोन कर. आता चारशे माणसं आहेत तिथे. जे कुणालाच सुटत नाही, तेवढंच माझ्याकडे येणार." शिक्केवाले म्हणाले, "उत्तम." बस निघाल्यावर बायको म्हणाली, "झुरळं गेली एकदाची." दोघंही घरापर्यंत चालत आले.

नवा कॉम्प्युटर आठ सेकंदांत चालू होतो. त्याला वारा घालावा लागत नाही. अक्षरं एवढाली दिसतात. सकाळची चाळीस मिनिटं मोकळी पडली, त्यांचं काय करायचं ते शिक्केवाल्यांना कळेना. दिवसाचे सगळे शिक्के अकरापर्यंत तयार होतात. गिऱ्हाइकं खूश आहेत. आणि आठवडाभरातच बायकोच्या लक्षात आलं, की अकरा वाजले की नवरा दुकानातला फोन उचलतो.

पहिल्या दिवशी त्यांनी रंग फिका दिसतो असं सांगितलं. एका मुलाने दीड मिनिटात तो गडद करून दिला. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅममधल्या अक्षराच्या कडा खरबरीत दिसतात म्हणून सांगितलं, तर एका बाईंनी तिथल्या तिथे त्या गुळगुळीत करून दिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी यंत्राला काहीतरी फारच अवघड करायला सांगितलं, आणि पलीकडचा मनुष्य म्हणाला, "अरे वा, सर, हे तर फार सोपं आहे." शिक्केवाल्यांचा चेहरा पडला. त्यांनी आभार मानून फोन ठेवला आणि पेन्सिल घेऊन एका कागदावर काहीबाही लिहीत बसले.

बायको स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली होती. "अहो, काय चाललंय हे रोजचं? मोबाईल आहे ना तुमच्याकडे? पोरीला सरळ फोन करा की."

"करतो ना. रोज रात्री करतो."

"मग?"

"मोबाईलवर ती चार मिनिटांत ठेवते गं. कामात असते. 'बाबा, बरा आहेस ना? जेवलास ना? ठेवते.'" ते कागदाकडेच बघत होते. "इथे तसं नाही करता येत त्यांना. ग्राहकाची अडचण सुटेपर्यंत फोन ठेवायचा नाही असा नियम आहे. न सुटणारी एक तक्रार हवी, म्हणजे तिच्याकडे जाईल. पण हे यंत्र इतकं चांगलं आहे की मला काही सुचतच नाही."

बायकोने त्यांच्या हातातला कागद घेऊन वाचला. खोडलेल्या पंधरा-सोळा ओळी होत्या. तिने तो घडी करून टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले, आणि कोपऱ्यातलं स्टूल फोनजवळ ओढलं.

"सरका जरा तिकडे," ती म्हणाली. "तुम्हाला नीट सांगता येत नाही. नंबर काय आहे आपला?"